दोनशे मिनिटांचा हिशेब: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा ऑफसीझन कसा वाचायचा

७ एप्रिल २०२५ च्या रात्री सॅन अँटोनियोत फ्लोरिडा विद्यापीठानं ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवून अमेरिकेचं कॉलेज अजिंक्यपद जिंकलं. ४० सामन्यांत ३६ विजय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संघाकडे खेळवायला तीन प्रमुख गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली रचणारे खेळाडू, नव्हते. दुखापत नाही, भांडण नाही. वॉल्टर क्लेटन ज्युनियर, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड या तिघांची कॉलेजकडून खेळायची पात्रता त्या सामन्याबरोबर संपली होती. पुढे जूनमध्ये तिघांचीही एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, निवड झाली.

कॉलेज संघाचा ऑफसीझन म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबरचा काळ. या काळात बातम्या येतात त्या नावांच्या: अमका आला, तमका गेला. त्या नावांवरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायला गेलं की हमखास चुकतो. त्यापेक्षा एक साधं गणित हाताशी ठेवावं. कॉलेजचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. मैदानात एका वेळी पाच जण. ४० गुणिले ५, झाली २०० मिनिटं. कोच वर्षभर जे काही करतो ते या २०० मिनिटांची वाटणी असते. कोण किती मिनिटं खेळणार, हा त्यातला सोपा भाग. त्या मिनिटांत कोणतं काम करणार, हा अवघड.

फ्लोरिडाचंच गणित मांडू. क्लेटन सरासरी १८.३ गुण, मार्टिन १४.४, रिचर्ड १३.३. तिघांचे मिळून ४६ गुण गेले आणि मिनिटं गेली नव्वदच्या वर, म्हणजे २०० पैकी जवळजवळ निम्मी. शिवाय बाकावरचा भरवशाचा गार्ड डेन्झल अ‍ॅबरडीन केंटकीला निघून गेला. मागे राहिली ती सगळी उंच मंडळी: अ‍ॅलेक्स कॉन्डन, थॉमस हॉ, रुबेन चिन्येलू, मायका हँडलॉगटन. घराचे खांब शाबूत, पण दारं-खिडक्या सगळ्या काढून नेलेल्या.

बाजार कधी भरतो

हंगाम संपल्यावर खेळाडू तीन वाटांनी जातात. पात्रता संपते, एनबीएची ओढ लागते, किंवा दुसरं विद्यापीठ बोलावतं. पहिली वाट आधीच माहीत असते. तेव्हाच्या नियमानुसार पाच वर्षांच्या घड्याळात चार हंगाम खेळता येत, त्यामुळे कोणाचं शेवटचं वर्ष आहे हे कोचच्या वहीत दोन वर्षं आधीपासून लिहिलेलं असतं. गोंधळ होतो तो उरलेल्या दोन वाटांवर.

दुसरं विद्यापीठ गाठायचं तर ‘ट्रान्सफर पोर्टल’मधून जावं लागतं. नाव भारदस्त असलं तरी ही एक ऑनलाइन यादी आहे, ऑक्टोबर २०१८ पासून सुरू असलेली. खेळाडू आपल्या विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला कळवतो. कार्यालयाला कामकाजाच्या दोन दिवसांत नाव यादीत घालावं लागतं. नाव चढलं की बाकीचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा. २०२५ च्या वसंतात दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडूंची नावं या यादीत होती. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. ढोबळमानानं दर पाचातले दोन खेळाडू बाजारात उभे होते असं समजा.

इथं एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पोर्टलची मुदत ही नाव घालण्याची असते, नवं विद्यापीठ निवडण्याची नव्हे. २०२५ ची खिडकी २४ मार्च ते २२ एप्रिल होती. पण २२ एप्रिलला यादीत नाव असलेला खेळाडू मे-जूनपर्यंत निवांत निर्णय घेऊ शकत होता. म्हणून मुदत संपली की ‘आता संघ ठरला’ म्हणू नये. आणि तारखा पाहा: २४ मार्चला राष्ट्रीय स्पर्धा ऐन भरात होती. म्हणजे जो संघ जिंकत होता त्याचा कोच दिवसा पुढच्या सामन्याची तयारी करत होता आणि रात्री फोनवर पुढच्या वर्षाचा गार्ड शोधत होता. जिंकण्याचाच दंड. तक्रारी झाल्या, आणि २०२६ साठी नियम बदलून अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून १५ दिवस अशी खिडकी ठेवली गेली.

एनबीएची वाट आणखी चिवट. खेळाडू ड्राफ्टमध्ये नाव देतो, एनबीएचे संघ त्याची चाचणी घेतात, आणि मग ठराविक तारखेपर्यंत नाव मागे घेतलं तर तो कॉलेजात परतू शकतो. २०२५ मध्ये ही तारीख २८ मे होती. तोवर कोच काय करतो? दोन याद्या बाळगतो. कॉन्डननं नाव दिलं होतं. तो गेला असता तर फ्लोरिडाला मे अखेरीस सेंटर, म्हणजे टोपलीपाशी खेळणारा उंच खेळाडू, शोधत फिरावं लागलं असतं, आणि तेव्हा बाजारात उरतो तो निवडून टाकलेला माल. कॉन्डन परतला. गार्डच्या जागी आर्कान्सॉचा बूगी फ्लँड आला. तोही ड्राफ्टमधून नाव मागे घेऊनच. त्याच्याआधी प्रिन्स्टनचा झेवियन ली आला होता.

अंतिम सामन्याच्या रात्रीच पुढच्या हंगामाच्या क्रमवाऱ्या छापून येतात. वाचायला गंमत, पण वर सांगितलेल्या दोन तारखा उलटायच्या आधीची कुठलीही क्रमवारी मनावर घेऊ नये.

पैसा, आणि व्हिसाची अडचण

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरू देऊन पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयानं मान्यता दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा होती विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल खातो. ज्या विद्यापीठात फुटबॉलचा पसारा नाही तिथं बास्केटबॉलला मोठा तुकडा मिळू शकतो, त्यामुळे काही लहान दिसणारी नावं बाजारात अचानक तगडी झाली. बाहेरच्या कंपनीबरोबरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार आता कळवावा लागतो, आणि तो खऱ्या जाहिरातीसाठी आहे की आडवाटेनं दिलेला पगार, हे तपासलं जातं.

याच तडजोडीनं १३ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि संघात कमाल १५ खेळाडू असा नियम आला. पंधरा म्हणजे भरपूर वाटतात, पण पुन्हा २०० मिनिटांकडे या. आघाडीचे पाच जण प्रत्येकी ३० मिनिटं खेळले की १५० संपली. उरलेल्या ५० मध्ये तीन-चार जण भागतात. दहावा ते पंधरावा खेळाडू सरावात घाम गाळतो आणि एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये जातो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी कोणीही हेच करेल.

परदेशी खेळाडूंची गोष्ट मात्र आपल्याकडच्या वाचकांना चटकन कळेल, कारण घरटी एखादा भाचा-पुतण्या एफ-१ व्हिसावर तिकडे असतोच. त्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास आणि बाहेर परवानगीशिवाय काम नाही, हा जाच एमएस करणाऱ्याला जसा, तसाच सात फुटी सेंटरलाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी हा कॅनडाचा. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरूनही अमेरिकन सहकाऱ्यांसारख्या जाहिराती त्याला करता आल्या नाहीत. वकील त्यातून पळवाटा काढतात: अमेरिकेबाहेर असताना चित्रीकरण करायचं, किंवा प्रत्यक्ष काम न करता नुसती छबी वापरू द्यायची. फ्लोरिडाच्या संघातले कॉन्डन ऑस्ट्रेलियाचा, चिन्येलू नायजेरियाचा आणि ली कॅनडाचा. म्हणजे असा संघ बांधताना कोचइतकंच काम व्हिसाच्या वकिलालाही असतं.

नाव आलं, काम आलं का?

आता मुख्य मुद्दा. ली प्रिन्स्टनकडून सरासरी १६.९ गुण, ६.१ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि ५.५ असिस्ट (ज्या पासवर साथीदार गुण करतो) करत होता. फ्लँड आर्कान्सॉकडून १३.५ गुण आणि पाचेक असिस्ट. दोघांची बेरीज तीस. कागदावर भोक बरंचसं बुजलं. पण गुण काही पिशवीतून आणता येत नाहीत. मैदानात चेंडू एकच असतो. आपल्या जुन्या संघात प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू व्हायची असे दोघं एकत्र आले की कोणाला तरी अर्धा वेळ कोपऱ्यात उभं राहावं लागतं, आणि तिथं उभं राहून चेंडू आला की लगेच नेम धरणं हे वेगळंच कसब आहे.

प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये खेळतं तिथं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, आणि या लीगनं थेट पैसे देण्याच्या तडजोडीतही भाग घेतला नाही. फ्लोरिडाची एसईसी ही त्या वर्षी देशातली सगळ्यात कसदार लीग होती. २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचे १४ संघ होते. लहान लीगमधून मोठ्या लीगमध्ये येणाऱ्या गार्डचं काय बिघडतं? नेम तोच असतो, वेळ कमी होतो. अंगावर येणारा बचावपटू दोन-तीन इंचांनी उंच आणि हातानं लांब असतो, त्यामुळे जो फटका आधी मोकळा होता तो आता हात चुकवून मारावा लागतो. टोपलीपाशी घुसल्यावर एका ऐवजी दोन माणसं उडी मारतात.

आणि क्लेटनच्या जाण्यानं नेमकं काय गेलं, हे एकाच चालीत दिसतं. गार्डकडे चेंडू आहे. उंच साथीदार येऊन त्याच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि मग टोपलीकडे धावतो. यालाच पिक-अँड-रोल म्हणतात. आता बचावपटूपुढे दोन रस्ते. भिंतीच्या वरून, म्हणजे गार्डला चिकटून पाठलाग करायचा. नाहीतर भिंतीच्या खालून, टोपलीच्या बाजूनं शॉर्टकट मारायचा. गार्डचा ६.७५ मीटरवरून नेम पक्का असेल तर खालून जाता येत नाही, कारण तेवढ्या अर्ध्या सेकंदात तो तीन गुण मारून मोकळा होतो. मग वरून जावं लागतं, बचावपटू एक पाऊल मागे पडतो, आणि टोपलीकडे धावणाऱ्या उंच साथीदारापुढे एकटाच माणूस उरतो. गार्डचा नेम बेभरवशाचा असेल तर बचावपटू बिनधास्त खालून जातो, मध्यभाग गच्च भरतो, आणि तुमचे चार उत्तम उंच खेळाडू गर्दीत कोंडले जातात. म्हणजे क्लेटनचे १८ गुण गेले, आणि ज्या धाकामुळे कॉन्डनला मोकळी जागा मिळायची तो धाकही गेला.

अंतिम सामन्याचंच बघा. क्लेटनला पहिल्या सत्रात एकही गुण मिळाला नाही. शेवटी त्याचे ११ गुण आणि ७ असिस्ट झाले. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांसाठी हवेत उडाला तेव्हा क्लेटन इतक्या वेगानं अंगावर आला की शार्पला चेंडू सोडून द्यावा लागला. तो पुन्हा हातात घेतला असता तर नियमभंग झाला असता. कॉन्डननं चेंडूवर झेप घेतली आणि वेळ संपली. ही चाल सरासरीच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

नेमबाजीचं गणितही जाता जाता करू. सामन्यात तीन गुणांचे २५ प्रयत्न धरा. ३६ टक्के लागले तर २७ गुण, २८ टक्के लागले तर २१. सहा गुणांचा फरक, आणि अंतिम सामना दोन गुणांनी सुटला होता. उलट बाजूही लक्षात ठेवावी: ज्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे तोही १०० प्रयत्नांत निव्वळ नशिबानं ३१ ते ४१ च्या मध्ये कुठंही दिसू शकतो. म्हणून एखाद्याच्या मागच्या वर्षीच्या टक्केवारीवर घर बांधू नये, आणि रिकाम्या जिममधल्या उन्हाळी व्हिडिओवर तर मुळीच नाही. तिथं अंगावर कोणी येत नसतं.

उन्हाळ्याचे बत्तीस तास

चाहत्यांना वाटतं, संघ उन्हाळाभर एकत्र सराव करतो. नियम तसं करू देत नाहीत. उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला आठ तास, आणि त्यातले कोचबरोबर मैदानावर फार तर चार. आठ चोक बत्तीस. अर्धा संघ नवा असताना सगळ्यांना एकत्र शिकवायला ३२ तास! बाकीचा वेळ वजनं उचलण्यात आणि धावण्यात जातो. ऑगस्टअखेर वर्ग सुरू झाले की पुन्हा हाच आठ-चारचा हिशेब. खरा सराव सुरू होतो पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी, आणि त्या ४२ पैकीही कमाल ३० दिवस. ३ नोव्हेंबर २०२५ ला हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून सराव २२ सप्टेंबरपासून. तेव्हापासून आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. चार वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो आणि त्यासाठी दहा जादा सराव मिळतात. नवा संघ असेल त्या वर्षी शहाणा कोच हा दौरा वापरतो, मग देश कुठलाही असो.

बत्तीस तासांत काय बसवायचं? आक्रमणाच्या पंचवीस चाली नव्हेत. आधी बचाव: चेंडू हरवल्यावर परत कसं धावायचं, आणि चौघांविरुद्ध चौघांचा शेल ड्रिल, ज्यात चेंडू सरकला की बाकी तिघं किती पावलं सरकणार हे अंगात मुरवतात. मग पिक-अँड-रोलचा बचाव. इथंच एक अगदी साधी गोष्ट नडते: भाषा. प्रत्येक संघाचे शब्द वेगळे. बाजूच्या रेषेकडे गार्डला ढकलायच्या बचावाला कुठं ‘आइस’ म्हणतात, कुठं ‘ब्लू’, कुठं ‘डाउन’. तीन विद्यापीठांतून आलेले तीन जण एका हाकेचे तीन अर्थ काढतात. त्याला अर्धा सेकंद जातो, आणि समोरचा माणूस टोपलीखाली मोकळा उभा असतो. नोव्हेंबरमध्ये बलाढ्य संघ विचित्र हरतात त्यामागे बऱ्याचदा हाच अर्धा सेकंद असतो.

शरीराची चूकही ठरलेली. उन्हाळ्यात हलकं खेळलेला मुलगा सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात एकदम रोज उड्या मारू लागतो आणि गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध दुखावतो. म्हणून ट्रेनर आठवड्याच्या उड्या मोजतात आणि भार पायरीपायरीनं चढवतात. जी मुलं शाळेतून थेट येतात त्यांना याची सगळ्यात जास्त गरज.

हरणंही कुठं हरायचं ते ठरवतात

सामन्यांचं वेळापत्रकही उन्हाळ्यातच जुळतं, आणि त्याला चाहते देतात त्याहून खूप जास्त महत्त्व आहे. २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ होते. त्यातले ३१ आपापली लीग जिंकून थेट आले, ३७ समितीनं निवडले. समितीपुढे ‘नेट’ नावाची क्रमवारी असते, २०१८-१९ पासूनची. तिच्यावरून प्रत्येक सामना चारांपैकी एका कप्प्यात पडतो. पहिल्या, सगळ्यात मोलाच्या कप्प्यात यायला प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मध्ये असावा लागतो, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मध्ये, आणि त्याच्या मैदानावर पहिल्या ७५ मध्ये. म्हणजे साठाव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर दुसरा कप्पा, त्याच्या गावात जाऊन हरवलं तर पहिला.

म्हणून फ्लोरिडानं विजेतेपदानंतर सोपं वेळापत्रक घेतलं नाही: लास व्हेगासमध्ये अ‍ॅरिझोना, ड्यूकच्या मैदानावर ड्यूक, न्यूयॉर्कमध्ये कनेटिकट. अशा ठिकाणची हार समितीच्या नजरेत फारशी सलत नाही. घरी तीनशेव्या क्रमांकाच्या संघाशी झालेली हार मार्चपर्यंत पाठ सोडत नाही. तसे दुबळे पाहुणे मोठे संघ पैसे मोजून बोलावतात. त्या रकमेवर लहान विद्यापीठाचा वर्षाचा प्रवासखर्च निघतो, आणि अधूनमधून ते जिंकूनही जातात.

ऑक्टोबरमध्ये पत्रकारांची एपी क्रमवारी आली तेव्हा फ्लोरिडा तिसरं होतं. पहिलं होतं पर्ड्यू, त्यांच्या इतिहासात हंगामपूर्व पहिला क्रमांक प्रथमच. तिथं बाजारातून मोठं नाव आणायची गरजच नव्हती: ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघं शेवटच्या वर्षालाही एकत्र होते, आणि स्मिथची आधल्या हंगामातली सरासरी होती ८.७ असिस्टची. पर्ड्यूच्या गावात, वेस्ट लाफाएटमध्ये, शिकणाऱ्या मराठी पोरांना त्या वर्षी तिकिटासाठी रांग लावावी लागली असणार. फ्लोरिडाच्या जुन्या चाहत्यांना मात्र २००६ आठवत होतं. त्या वर्षी विजेतेपद मिळाल्यावर नोआ, हॉरफर्ड, ब्रूअर, ग्रीन आणि हम्फ्री हे पाचही जण परतले आणि २००७ ला पुन्हा जिंकले. २०० मिनिटांची वाटणी जवळपास तीच. २०२५ ची वाटणी अर्धी कोरी होती. तिसरा क्रमांक मला तेव्हाही जरा उदार वाटतो. खांबांकडे पाहून दिलेला.

भारतातून पाहणाऱ्यांनी वेळ लक्षात ठेवावी: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि तिकडची घड्याळं पुढे गेली की मार्चमध्ये साडेचारला. उठलातच तर पहिली दहा मिनिटं धावफलक सोडून फक्त पिक-अँड-रोलकडे बघा. बचावपटू वरून जातोय की खालून?

३ नोव्हेंबरला अ‍ॅरिझोनानं फ्लोरिडाला ९३-८७ असं हरवलं. त्यांचा कोआ पीट हा पहिल्या वर्षाचा मुलगा, पहिलाच कॉलेज सामना, ३० गुण. महिन्याभरानं ड्यूककडून ६६-६७, एका गुणानं. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत फ्लोरिडाची उंच मंडळी रिबाउंड ओढत होती आणि बाहेरून नेम लागत नव्हता.